आरोग्याची रोजकीर्द

जमाखर्चाच्या शास्त्रात रोजकीर्दीला पहिला मान आहे. व्यवहार ज्या दिवशी घडला, त्याच दिवशी त्याची नोंद झाली पाहिजे, हा तिचा साधा नियम. खतावणी, तेरीज आणि ताळेबंद ही पुढची सारी इमारत या एका नियमावर उभी असते. रोजकीर्द वर्षभर कोरी ठेवून ३१ मार्चच्या रात्री सर्व नोंदी एकदम करू, असे कोणी म्हणाले तर बँकेतील नवखा लिपिकही हसेल. मात्र स्वतःच्या शरीराच्या बाबतीत भलेभले सुशिक्षित लोक नेमका हाच मार्ग पत्करतात. ‘हिशेबबंदी आटोपली की फिरायला जाऊ’, ‘मुलीचे लग्न पार पडले की गोड सोडू’, ‘निवृत्तीनंतर योगासने सुरू करू’, असे संकल्प घरोघरी ऐकू येतात. शरीर मात्र कोणाच्या सवडीची वाट पाहत नाही. प्रत्येक घास, प्रत्येक जागरण आणि प्रत्येक संताप त्याच्या दप्तरी त्याच दिवशी नोंदला जातो.

या दप्तराचा देशपातळीवरील ताळेबंद चिंताजनक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यातील अंदाजानुसार २०२१ साली भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे होते. यांतील दुसरा आकडा अधिक विचार करायला लावणारा आहे. कारण उंबरठ्यावरून माघारी फिरता येते.

उंबरठ्यावरचा माणूस

उदाहरणादाखल एका मुख्य रोखपालांचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. हे गृहस्थ काल्पनिक असले, तरी प्रत्येक शाखेत ते कोठे ना कोठे भेटतातच. वय अठ्ठेचाळीस. सकाळी घाईघाईने दोन पोळ्या पोटात ढकलून घर सोडायचे. दहापासून खिडकीवर बसले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठणे नाही. दिवसाकाठी चहाचे पाच प्याले, दुपारी साबुदाणा वडा किंवा फरसाण, संध्याकाळी रोख जुळेपर्यंत जिवाची घालमेल, रात्री साडेनऊला भरपेट जेवण आणि त्यानंतर मोबाइल हातात घेऊन बारापर्यंत जागरण. वडिलांचा मधुमेह आणि त्यापायी गेलेली त्यांची दृष्टी या गृहस्थांनी जवळून पाहिलेली आहे. तरीही वार्षिक तपासणीच्या अहवालात साखरेच्या आकड्यापुढे खूण दिसते तेव्हा ते दचकतात आणि चार दिवसांनी विसरतात.

अशाच उंबरठ्यावरील लोकांचा अभ्यास चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ‘भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम’ या नावाने झालेल्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात ५३१ व्यक्तींचा समावेश होता. ज्यांना केवळ नेहमीचा सर्वसाधारण सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी तीन वर्षांत शेकडा ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्या आहार-व्यायामात नियमित पाठपुराव्याने बदल घडवला गेला, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३९ राहिले. बदल तरी कोणते होते? रोज किमान अर्धा तास चालणे, साखर टाळणे, मैदा-भातासारखे पिष्टमय पदार्थ आणि स्निग्ध पदार्थ कमी करणे, चोथायुक्त अन्न वाढवणे. यात महागडे किंवा असाध्य असे काहीच नव्हते. मोल होते ते सातत्याचे.

सवय कशी जडते?

सातत्य हे निर्धारावर टिकते, असा सर्वसाधारण समज आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला आणि २०१० साली तो छापून आला. त्यात ९६ स्वयंसेवकांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एकच छोटी गोष्ट निवडली आणि ती ‘न्याहारीनंतर’ अशा ठरावीक प्रसंगाला जोडली. ती गोष्ट आपोआप घडू लागण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागतात, असे दिसून आले. व्यक्तीव्यक्तींमध्ये मात्र १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत असा मोठा फरक आढळला. एकवीस दिवसांत सवय लागते, ही लोकप्रिय समजूत त्यामुळे फारशी खरी ठरत नाही. याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष दिलासा देणारा आहे. एखाद्या दिवशी खंड पडला, तरी सवय जडण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय बाधा आली नाही.

यातून तीन व्यावहारिक सूत्रे हाती लागतात. हप्ता लहान असावा. तो रोज घडणाऱ्याच एखाद्या गोष्टीला बांधलेला असावा. आणि एक हप्ता चुकला म्हणून खाते बंद करू नये. पुढील सर्व सवयी याच तीन सूत्रांवर पारखून घेता येतील.

ताटाचे अंदाजपत्रक

आहाराच्या बाबतीत देशातील अधिकृत मार्गदर्शन हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडून मिळते. १९१८ साली कुन्नूर येथे एका लहानशा संशोधन केंद्राच्या रूपाने सुरू झालेली ही संस्था १९५८ साली हैदराबादेत आली. भारतीयांसाठी तिने २०२४ साली सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यानुसार २००० कॅलरींच्या दैनंदिन आहारात सुमारे २५० ग्रॅम तृणधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस आणि ३०० मिलिलिटर दूध असावे.

ही वजने स्वयंपाकघरात कोण मोजत बसणार? त्यावर सोपा उपाय म्हणजे ताटाकडे नीट पाहणे. वजनाच्या हिशेबाने भाज्या आणि फळे मिळून ताटाचा निम्मा भाग व्यापायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक ताटांत पोळी-भाताचे राज्य असते आणि भाजी तोंडी लावण्यापुरती उरते. म्हणून पहिला हप्ता इतकाच असावा, की जेवणाची सुरुवात वाटीभर कोशिंबिरीने किंवा भाजीने करायची. काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, जे हंगामात स्वस्त असेल ते. पोटात भाजीला आधी जागा मिळाली, की तिसऱ्या पोळीची ओढ आपोआप कमी होते.

दुसरी गोष्ट जोडीची. धान्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, ते डाळींत भरपूर असते. डाळींत मेथिओनिन कमी असते, ते धान्य पुरवते. वरण-भात, खिचडी, भाकरी-पिठले, पोळी-उसळ या जोड्या आजीने रसायनशास्त्र न शिकता जमवल्या होत्या. कडधान्याला मोड आणले, की त्यातील ‘क’ जीवनसत्त्व वाढते आणि लोह शोषण्यात अडथळा आणणारे फायटेट घटते. वरून लिंबू पिळले, तर ते लोह अंगी लागण्यास आणखी मदत होते. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांचेही पुनरागमन झाले आहे. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दिवसाच्या दोन जेवणांपैकी एका जेवणात भाकरी, एवढा बदल पुरेसा आहे.

बदलीच्या नोकरीत हे कसे साधावे, असा प्रश्न अनेक अधिकाऱ्यांना पडतो. घर नाशिकला आणि नेमणूक पाटण्याला असली, की खानावळ आणि बिस्किटे यांवर दिवस निघतात. अशा वेळी गावाकडची चव शोधत बसण्यापेक्षा नेमणुकीच्या गावातील साधे घरगुती अन्न जाणून घेणे हिताचे ठरते. बिहारमधील सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ. ते पाण्यात कालवून लिंबू पिळले, की शेगडी न पेटवता प्रथिनांची सोय होते. कर्नाटकात रागी मुद्दे, तामिळनाडूत इडली-सांबार, बंगालात मसुराची डाळ आणि भात. प्रत्येक प्रांताने धान्य-डाळीची आपली जोडी शोधून ठेवलेली आहे. परक्या गावाशी मैत्री करण्याचा तो एक चांगला आरंभही ठरतो.

चहाची थकबाकी

आता रोखपालांच्या पाच प्याल्यांचा हिशेब मांडू. प्रत्येक प्याल्यात दोन चमचे साखर धरली, तर दिवसाला दहा चमचे होतात. चमच्याला सुमारे पाच ग्रॅम या हिशेबाने केवळ चहातून ५० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक उत्तम. २००० कॅलरींच्या आहारात याचा अर्थ अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम. म्हणजे मिठाई, बिस्किटे आणि शीतपेये यांचा हिशेब मांडण्यापूर्वीच मर्यादा संपलेली असते.

चहा एकदम सोडण्याची प्रतिज्ञा सहसा तीन दिवसांत मोडते. त्यापेक्षा दर पंधरवड्याला प्रत्येक प्याल्यातील साखर पाव चमच्याने कमी करावी. जिभेला हा बदल फारसा जाणवत नाही आणि दोन महिन्यांत साखर निम्म्यावर येते. जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा टाळावा, असे पोषण संस्था सुचवते. चहातील टॅनिन अन्नातील लोहाला बांधून ठेवते आणि ते शरीराला मिळू देत नाही. रक्तक्षयाचा त्रास असलेल्या स्त्रियांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. मिठाचेही असेच. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एका सपाट चमच्याच्या आत, ही त्याची मर्यादा. लोणचे, पापड आणि फरसाण यांपैकी एका वेळी एकच पदार्थ ताटात, असा घरगुती नियम रक्तदाबाच्या दृष्टीने उपयोगी पडतो.

बसण्याचे व्याज

बैठ्या कामाचा धोका वैद्यकशास्त्राच्या लक्षात आणून दिला तो लंडनच्या बसगाड्यांनी. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसचे चालक दिवसभर बसून असत आणि वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. पायी किंवा सायकलवरून टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही तोच कल दिसला. मॉरिस एवढ्यावर थांबले नाहीत. चालकांच्या गणवेशाच्या विजारी कमरेला मुळातच मोठ्या मापाच्या होत्या, ही गोष्टही त्यांनी १९५६ साली प्रामाणिकपणे नोंदवली. अर्थात सारा दोष बसण्याचाच होता असे त्यावरून म्हणता येत नाही. मात्र पुढील कित्येक दशकांच्या संशोधनाने हालचालीचे महत्त्व अधिकाधिक अधोरेखित केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा.

दीडशे मिनिटे ऐकायला फार वाटतात. दिवसाला ती जेमतेम बावीस होतात. दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटे चालले, तर हा हप्ता सहज भरतो. चालताना स्नायू रक्तातील साखर इंधन म्हणून थेट वापरू लागतात, त्यामुळे जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहते. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणाऱ्या वृद्धांची रात्रीच्या जेवणानंतरची साखर, एकदाच सलग पंचेचाळीस मिनिटे चालणाऱ्यांपेक्षा अधिक काबूत राहिली. शाखेत डबा संपल्यावर इमारतीभोवती दोन फेऱ्या, पाण्यासाठी बाटली न ठेवता प्रत्येक वेळी उठून जाणे, एक मजला जिन्याने चढणे, हे सारे याच खात्यात जमा होते.

झोपेचा हप्ता मात्र थकवू नये. प्रौढ माणसाला रोज किमान सात तासांची झोप लागते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, चिडचिड वाढते आणि दुसऱ्या दिवशी बेरीज चुकते. झोपण्यापूर्वी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे हा यावरचा साधा उपाय. गजर लावायचा असल्यास दहा-वीस रुपयांच्या वाणसामानाइतका विचार न करता एक साधे गजराचे घड्याळ घरात आणावे.

मनाचा जमाखर्च

शरीराप्रमाणे मनाचीही रोजकीर्द असते. खिडकीवर ग्राहक तावातावाने बोलून जातो, वरिष्ठांचा दूरध्वनी येतो, रोख पाचशे रुपयांनी कमी भरते. हे सारे मनात साठते आणि संध्याकाळी घरच्यांवर निघते. यासाठी घराच्या दारात चपला काढण्याच्या क्षणाला एक सवय जोडता येईल. आत पाऊल टाकण्यापूर्वी पाच संथ श्वास घ्यावेत, सोडताना अधिक वेळ लावावा. मंद श्वसनाने हृदयाची गती उतरते आणि मन किंचित सैल होते. दुसरी सवय लिहिण्याची. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनातील जुन्या दुःखद अनुभवांविषयी लिहायला सांगितले होते. भावनांसह घटना लिहिणारे विद्यार्थी पुढील काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. दिवसाच्या शेवटी वहीत चार ओळी लिहिणे हा त्यातला घरगुती धडा.

तरीही मनाचा सर्वांत मोठा आधार माणूसच असतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली सुरू केलेला एक अभ्यास शेकडो व्यक्तींच्या आयुष्याचा दशकानुदशके मागोवा घेत आला आहे. उतारवयातील प्रकृती आणि समाधान यांचा निकटचा संबंध जिव्हाळ्याच्या नात्यांशी आहे, असे त्याचे सांगणे आहे.

ही गोष्ट समजण्यासाठी हार्वर्डपर्यंत जाण्याची गरज नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शाखेत डोकावले तरी पुरते. निवृत्तिवेतन आता परस्पर खात्यात जमा होते. ‘जीवन प्रमाण’ योजनेमुळे २०१४ पासून हयातीचा दाखलाही डिजिटल पद्धतीने देता येतो. तरीही कित्येक आजी-आजोबा नेमाने पासबुक भरून घ्यायला येतात. पासबुकात कधी कधी एकच ओळ छापायची असते. ती ओळ हे निमित्त असते. ‘कशा आहात, गुडघा काय म्हणतो?’ एवढे कोणीतरी विचारावे, यासाठी ती माणसे रांगेत उभी राहिलेली असतात.

मनाचा भार मात्र कधी कधी वही, श्वास आणि गप्पा यांच्या आवाक्यापलीकडे जातो. उदासी, झोप उडणे, कशातच रस न वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर तो स्वभावाचा दोष मानू नये आणि डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणाही मानू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. तेथे मोफत समुपदेशन मिळते. तसेच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याचे संरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. मधुमेह, रक्तदाब यांची औषधे चालू असणाऱ्यांनीही आहार-व्यायामातील बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.

पहिली नोंद

या लेखातील सर्व सवयी एकदम अंगीकारण्याचा संकल्प करणे म्हणजे पुन्हा ३१ मार्चच्या रात्रीचाच मार्ग धरणे होय. एकच सवय निवडावी, ती रोजच्या एखाद्या प्रसंगाला बांधावी आणि दोन-अडीच महिने तिची काळजी घ्यावी. ती अंगवळणी पडली की दुसरी.

आपल्या मुख्य रोखपालांनी सुरुवात चहातील पाव चमचा साखरेने करावी. डबा संपला की इमारतीभोवती दोन फेऱ्या माराव्यात. एखाद्या दिवशी गर्दीमुळे फेरी चुकली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावे. आणि पासबुक पुढे करणाऱ्या आजींना त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायला विसरू नये. त्या दोन वाक्यांना अर्धे मिनिटही लागत नाही, आणि ती जमा एकाच वेळी दोघांच्याही खात्यावर पडते.